वायरलेसची खरखर आणि विमानतळाचा गुन्हा

बोटीवरचा वायरलेस खरखरायला लागला की दुरुस्तीच्या आधी आरोपी ठरतो, ही आपल्या किनाऱ्याची जुनी न्यायपद्धती आहे. आणि आरोपींच्या बाबतीत खांदेश्वरच्या परिसराइतकी सुबत्ता महाराष्ट्रात दुसरीकडे सापडणं कठीण. खांदेश्वर स्टेशनवर उभं राहून मनातल्या मनात मान फिरवली तरी मातब्बर संशयितांची ओळखपरेड होते. डोक्यावर हार्बर लाइनची तार; २०१६ साली तिच्यातले डीसीचे १,५०० व्होल्ट जाऊन एसीचे २५,००० व्होल्ट आले. पुढे नवी मुंबईचा विमानतळ, ज्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि प्रवासी विमानं २५ डिसेंबरला उडाली. त्यापलीकडे १९८९ पासूनचं न्हावा-शेवा बंदर, उरणचा तेल-वायू प्रकल्प, २१.८ किलोमीटरचा अटल सेतू, खाडीपल्याड ट्रॉम्बेची अणुभट्टी, मुंबईत नौदल, आणि उरलेल्या जागेत प्रत्येक तिसऱ्या इमारतीवर मोबाईलचा टॉवर. एवढी बडी मंडळी हाताशी असताना केबिनमधल्या दोनशे रुपयांच्या एलईडी पट्टीवर कोण कशाला संशय घेईल? तिला ना उद्घाटन झालं, ना फीत कापली गेली.

माझं म्हणणं एवढंच आहे की खरखरीचा आरोपी आपण अंतर बघून ठरवत नाही, हुद्दा बघून ठरवतो. आणि हुद्दा बघून ठरवलेला आरोपी बहुतेक वेळा निर्दोष निघतो. हे फक्त बोटवाल्यांचं वैगुण्य आहे असं कुणी समजू नये. विनोदी लेख जमला नाही की आम्ही लिहिणारेही आधी संपादकाला, मग वाचकांच्या घसरलेल्या अभिरुचीला, मग देशातल्या एकूण परिस्थितीला धरतो. लेखातल्या विनोदापर्यंत तपास येईतो पुढच्या लेखाची तारीख आलेली असते. बोटवाल्याचं निदान एवढं तरी बरं की त्याच्या चुकीची चाचणी घेता येते.

आता हा तपास साधारण कसा चालतो ते पाहा. पनवेलच्या खाडीपासून करंजा-मोऱ्यापर्यंत कुठल्याही जेट्टीवर हा संवाद थोड्याफार फरकाने ऐकू यायला हरकत नाही.

"नाखवा, खरखर कधीपासून आहे?"

"विमानतळ झाला तेव्हापासून."

"आणि देवाच्या तसबिरीभोवती ही निळी माळ कधी लावली?"

"दिवाळीत."

"विमानं तर नाताळला सुरू झाली. खरखर कधी आली म्हणता?"

"दिवाळीत. पण उद्घाटन आधीच झालं होतं ना!"

फीत कापल्याबरोबर हवा बिघडली, विमान उडण्याची गरज पडली नाही, हा सिद्धान्त पदार्थविज्ञानात बसत नसला तरी जेट्टीवर बसतो. तिथे त्याला उलटतपासणी नसते. वास्तविक या एका संवादात सगळा पुरावा हजर आहे: रोग कधी आला, त्याच वेळी बोटीवर नवीन काय आलं, आणि ते वायरलेसपासून किती हातांवर आहे. पण पुरावा आणि प्रतिष्ठा यांची गाठ पडली की आपल्याकडे पुराव्याने उठून जागा द्यायची असते.

अंतराचा हिशोब तर शाळेतलाच आहे. मोकळ्या जागेत रेडिओलहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दिवा वायरलेसच्या ॲन्टेनापासून एक मीटरवर आणि विमानतळ समजा पाच किलोमीटरवर. म्हणजे अंतर पाच हजारपट आणि वर्ग केला की अडीच कोटीपट. थोडक्यात, दिव्याइतका उपद्रव द्यायचा तर विमानतळाने त्याच लहरींवर दिव्याच्या अडीच कोटीपट ताकद ओतायला हवी. यावर जेट्टीवरून लगेच आक्षेप येतो की विमानतळाची ताकद तेवढी असेलच, सरकारी काम आहे. असेलही. पण विमानांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि बोटींचा व्हीएचएफ वायरलेस १५६ ते १६२ च्या आसपास. विमानतळ आपल्या गल्लीत बोलतो, बोट आपल्या. एलईडीच्या स्वस्त पट्टीला मात्र गल्ली नावाचा प्रकार ठाऊक नाही. ती सगळ्या गावात एकाच वेळी ओरडते.

"दिवा हा दिवा आहे, तो कसला ओरडतोय?" हा यापुढचा आक्षेप, आणि तो अगदी रास्त वाटतो. जुना तारेचा बल्ब खरोखरच घरातल्या जुन्या गड्यासारखा होता: तापायचा, भरपूर खायचा, पण आवाज करायचा नाही. एलईडीचं तसं नाही. बॅटरीचे १२ किंवा २४ व्होल्ट तिला जसेच्या तसे चालत नाहीत, म्हणून पुष्कळदा तिच्या पोटात एक छोटंसं सर्किट असतं आणि ते वीज सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद, चालू-बंद करत राहतं. घरातलं पोर दिव्याच्या बटणाशी असा खेळ करायला लागलं तर त्याला धपाटा मिळतो. सर्किटला आपण "पॉवर सेव्हर" म्हणतो. या प्रत्येक चालू-बंदच्या कडेतून बारीक लहरी उडतात आणि त्या व्हीएचएफपर्यंत चढतात. चांगल्या दिव्यात त्यांना अडवायला गाळणी बसवलेली असते. स्वस्त दिव्यात ती गाळणी हीच बचत असते. वर दिव्यापर्यंत गेलेली दोन-तीन मीटरची उघडी वायर आयती ॲन्टेना बनते आणि केबिनमध्ये परवान्याशिवाय एक रेडिओ केंद्र सुरू होतं. कार्यक्रम एकच, चोवीस तास.

तसं पाहिलं तर रेडिओचा जन्मच खरखरीतून झाला. मार्कोनीची पहिली यंत्रं म्हणजे ठिणग्या पाडण्याचे कारखाने होते, आणि १९१२ मध्ये टायटॅनिकवरून मदतीची हाक गेली ती ठिणगीच्याच यंत्रातून. त्या काळी खरखर हाच संदेश होता. आज आपण शंभर वर्षं खपून संदेश वेगळा काढला आणि खरखर सणासुदीला माळेच्या रूपाने परत घरी आणली.

इथे कुणी म्हणेल, थोडी खरखर झाली तर काय बिघडलं? वायरलेसवर गुंडी आहे की ती बंद करायला. आहे. तिला स्क्वेल्च म्हणतात, आणि माणसाच्या स्वभावाला इतकं साजेसं दुसरं उपकरण मला ठाऊक नाही. स्क्वेल्च पिळला की खरखर ऐकू येणं बंद होतं. खरखर बंद होत नाही. तो दाराशी बसवलेला पहारेकरी आहे. अमुक जोराच्या खालचा आवाज आत सोडायचा नाही, एवढाच त्याला हुकूम. दिव्याने गोंगाट वाढवला की मालक गुंडी आणखी पिळतो, पहारेकरी आणखी कडक होतो, आणि मग दिव्याच्या खरखरीबरोबर लांबच्या बोटीची हाकही दाराबाहेरच राहते. केबिनमध्ये छान शांतता पसरते. "बघ, कसा गप्प झाला," असं म्हणून तांडेल समाधानाने बिडी पेटवतो. वायरलेस गप्प झालेला नाही, बहिरा झालाय. कुरकुर करणाऱ्याला गप्प बसवलं की कुरकुरीचं कारणही संपलं, ही समजूत बोटीपासून कार्यालयापर्यंत सगळीकडे सारख्याच आनंदाने नांदते.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑगस्ट २०१८ मध्ये काढलेली सूचना आठवावी. एका बंदरात वाहतुकीच्या मार्गावर घोटाळा झाला, बचाव केंद्र जहाजाला व्हीएचएफवर हाका मारत राहिलं आणि जहाजापर्यंत काही पोचेना. त्याच जहाजावर आजूबाजूच्या जहाजांची जागा दाखवणारी एआयएस यंत्रणाही नीट काही पकडत नव्हती. दुसऱ्या बंदरांमधल्या जहाजांवरही हाच बहिरेपणा आढळला होता, आणि तो एलईडीच्या नेव्हिगेशन दिव्यांमुळे आला होता. म्हणजे डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, टक्कर होऊ नये म्हणून नियमाने लावायचे ते दिवे! आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून दिवे लावले आणि दुसऱ्याचं ऐकू येईनासं झालं. हा अनुभव नुसत्या जहाजांपुरता नाही, पण तो विषय वाढवला तर लेख राजकारणात शिरेल.

याहून रंगतदार कथा कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदराची आहे. एप्रिल २००१ मध्ये तिथल्या पॉइंट सर या संशोधन जहाजाच्या लक्षात आलं की बंदरात जीपीएस चालत नाही. नुसतं त्यांचंच नाही, सगळ्यांचं. बंदराबाहेर किलोमीटरभर गेलं की जीपीएसला पुन्हा दृष्टी यायची. लष्कर, हेर, परकीय कट, सगळं मनात यावं अशीच ही परिस्थिती होती; आणि शोधायला जवळच्या माँटेरेच्या नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेतले जाणकार आले. त्यांनी दिशा शोधणारी यंत्रं घेऊन बंदर पिंजून काढलं. आणि शेवटी हाती लागला बंदरात बांधलेल्या एका बोटीवरचा टीव्हीचा ॲन्टेना. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून त्यात जो बूस्टर बसवलेला असतो, तो स्वतःच जीपीएसच्या लहरींवर गात होता. टीव्ही लावलेला असण्याचीही गरज नव्हती. बूस्टरला वीज मिळाली की त्याचं गाणं सुरू. तो बंद केला तरी बंदर आंधळंच, कारण दुसरा होता. मग तिसरा. तीन बोटींवरच्या तीन बूस्टरांनी अख्खं बंदर चकवलं, आणि त्या बोटींच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. जीपीएसचा संदेश २०,२०० किलोमीटर उंचीवरून येतो आणि खाली पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की एका वॉटचे एकावर सोळा शून्यं इतके भाग केले, तर त्यातला जेमतेम एखाददुसरा भाग वाट्याला येतो. त्याच्यापुढे बूस्टरने नुसतं गुणगुणलं तरी ती तोफ ठरते. पुढे तटरक्षक दलाला टीव्हीच्या ॲन्टेनाविरुद्ध इशारा काढावा लागला. शत्रू सापडला होता, फक्त तो बातम्या बघणारा निघाला.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटरच्या रेडिओ दुर्बिणीला तर १९९८ पासून अधूनमधून गूढ झटके मिळत होते. शास्त्रज्ञांनी त्यांना पुराणातल्या प्राण्यासारखं भारदस्त नाव दिलं, आणि २०१५ मध्ये कळलं की तिथल्या स्वयंपाकघरात कुणीतरी वेळ पूर्ण व्हायच्या आतच मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार उघडतं. आकाशगंगांचा वेध घेणाऱ्या मंडळींना सतरा वर्षं भूक लागलेला सहकारी सापडला नाही, तिथे खाडीतल्या नाखव्याने माळ सोडून विमानतळाला धरलं तर त्याला किती बोल लावायचा?

आता सगळ्यात वजनदार आक्षेपाकडे येऊ. बाहेरून मुद्दाम केलेला अडथळा नसतोच असं कुठे आहे? असतो. तांबड्या समुद्रात, इराणच्या आखातात, बाल्टिकमध्ये जहाजांचे जीपीएस खोटी जागा दाखवतात, जहाजं पडद्यावर जमिनीवरून चालताना दिसतात. मे २०२५ मध्ये जेद्दाजवळ एमएससी अँटोनिया हे कंटेनर जहाज उथळ पाण्यात रुतलं तेव्हा जाणकारांनी जीपीएसमधल्या ढवळाढवळीचाच संशय घेतला. हे सगळं मान्य. पण बाहेरच्या अडथळ्याची एक खूण असते: तो कुणाचा चेहरा बघून येत नाही. तो आला तर आजूबाजूच्या सगळ्यांना येतो. तेव्हा निदानाचा सोपा प्रश्न असा की शेजारच्या बोटीवरही खरखर आहे का? उपाय फुकट आहे, दोन मिनिटांचा आहे, आणि नेमका तोच होत नाही. कारण शेजारची बोट चुलत भावाची असते आणि मच्छीमार सोसायटीच्या निवडणुकीपासून बोलणं बंद असतं. वायरलेसची रेंज वीस-पंचवीस किलोमीटर असली तरी दोन बोटींमधल्या सहा फुटांवर ती चालत नाही. शिवाय विचारलं आणि त्याचा वायरलेस ठणठणीत निघाला तर विमानतळ हातचा जातो, ती वेगळीच नामुष्की.

यातही एक पेच आहे, तो लपवत नाही. शेजाऱ्यालाही खरखर असेल तर ती बाहेरचीच, असं मात्र लगेच म्हणता येत नाही. दोघांनी एकाच दुकानातून, एकाच दिवाळीत, तीच निळी पट्टी घेतलेली असू शकते. किंवा त्याची पट्टी तुमचाही वायरलेस बिघडवत असेल. मॉस लँडिंगला तेच झालं होतं. म्हणून खरी चाचणी जेट्टीपासून दूर, मोकळ्या पाण्यात. नांगर टाकायचा, इंजिन बंद, वायरलेस सोडून सगळं बंद. कुणी बोलत नाही असा चॅनेल लावायचा. स्क्वेल्चची गुंडी खरखर ऐकू येईपर्यंत सोडायची आणि मग ती जेमतेम थांबेल इतकीच परत पिळायची. पहारेकरी आता डोळे किलकिले करून बसलाय. मग एकेक वस्तू चालू करायची. जिच्यामुळे खरखर उसळेल ती चोर. अमेरिकन सूचनेतली चाचणीही साधारण हीच आहे, आणि तिला ना अभियंता लागतो ना मीटर.

लागते ती शांतता, आणि "सगळं बंद" या दोन शब्दांचा अर्थ. कपाटाएवढ्या केबिनमध्ये हल्ली काय काय असतं ते मोजा: वायरलेस, जीपीएस, फिश फाइंडर, मोठ्या बोटीवर एआयएस, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरहून सुरू झालेल्या योजनेतला उपग्रहाचा ट्रान्सपॉन्डर (देशभरात असे एक लाख बसवायचे आहेत), इन्व्हर्टर, गाण्यांचा ब्लूटूथ स्पीकर, दिव्यांच्या पट्ट्या, देवाची माळ, मच्छर मारायची रॅकेट, आणि खलाशी मोजून त्याच्या दुप्पट मोबाईल चार्जर. यातले निम्मे जीव वाचवण्यासाठी आहेत आणि उरलेले निम्मे त्या निम्म्यांना बोलू देत नाहीत. वायरमनने जागा वाचवायला पाच वस्तू एकाच स्विचवर घेतलेल्या असतात, त्यामुळे माळ बंद केली की फिश फाइंडर जातो आणि फिश फाइंडर लावला की पंखा फिरतो. त्यात चाचणीच्या ऐन वेळी जे होतं ते असं:

"चार्जर काढ रे."

"नऊ टक्केच आहे, तांडेल."

"अरे, पाच मिनिटं!"

"स्विच बंद केलाय की."

स्विच बंद केला आणि वायर काढली यांत जो फरक आहे तो मॉस लँडिंगच्या टीव्हीवाल्यांनाही कळला नव्हता, तेव्हा नऊ टक्केवाल्याला क्षमा करावी.

कान शाबूत असतील तर खरखरीच्या जातीवरूनही पुष्कळ कळतं. जुने वैद्य नाडी बघायचे तसंच. इंजिनचा वेग वाढवला की सुरात चढत जाणारी शिट्टी म्हणजे डायनॅमो. पेट्रोलच्या आउटबोर्डवर वेगाबरोबर दाट होणारी टिकटिक म्हणजे प्लगची ठिणगी. ठरावीक अंतराने पडणारा ठोका म्हणजे बहुधा फिश फाइंडर. इंजिन चालू असो वा बंद, दिवसरात्र एकसारखा सूं आवाज म्हणजे दिवा, चार्जर किंवा इन्व्हर्टर. लाटेवर बोट आदळली की होणारी चरचर म्हणजे गंजलेला जोड. हातात पेन्सिल सेलचा ट्रान्झिस्टर असेल तर आणखी मजा. तो मीडियम वेव्हवर, आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीच्या ५५८ किलोहर्ट्झच्या जरा अलीकडे-पलीकडे, कुठलंही केंद्र नसलेल्या जागी लावायचा आणि एकेका वस्तूजवळ न्यायचा. चोराजवळ गेला की तो किंचाळतो. व्हीएचएफचा प्रत्येक चोर मीडियम वेव्हवर पकडला जाईलच असं नाही, पण केबिनमध्ये गोंधळी कोण एवढा अंदाज येतो. या पद्धतीचा एकच तोटा: ट्रान्झिस्टर विमानतळाकडे कितीही रोखून धरला तरी किंचाळत नाही, त्यामुळे नाखव्याचा त्याच्यावर विश्वास बसत नाही.

जाता जाता होकायंत्राचंही सांगायला हवं. त्याला रेडिओचा त्रास नाही, चुंबकाचा आहे. डॅशबोर्डवर घट्ट बसणाऱ्या ज्या छोट्या मूर्ती मिळतात त्यांच्या बैठकीत चुंबक असतं. तशी मूर्ती भक्तिभावाने होकायंत्राच्या शेजारी बसवली की उत्तर दिशा देवाकडे वळते. श्रद्धेच्या दृष्टीने यात गैर काही नाही, पण बंदर तिकडे नसतं. स्पीकरमध्येही चुंबक असतं, आणि गाणी जोरात लागावीत म्हणून स्पीकरही तिथेच. जहाजावरच्या उपकरणांसाठीच्या आयईसी ६०९४५ या मानकात गोंगाटाच्या मर्यादेबरोबर होकायंत्रापासूनचं सुरक्षित अंतरही ठरवावं लागतं. बाजारातल्या पट्टीच्या खोक्यावर मात्र "वॉटरप्रूफ", "ओरिजिनल" आणि एका हसऱ्या बाईचा फोटो एवढंच असतं.

"म्हणजे काय, अंधारात बसायचं?" हा शेवटचा आक्षेप. नाही. एलईडीशी वैर करण्याचं कारण नाही. (तिचा प्रखर झोत टाकून मासे गोळा करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, ते भांडण निराळं.) दिवा ॲन्टेनापासून लांब न्यावा, त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ घालून न्याव्यात, लॅपटॉपच्या वायरीला गाठ आल्यासारखी जी फेराइटची कडी असते तशी दिव्याजवळ अडकवावी, वायरलेसला बॅटरीपासून स्वतंत्र वायर द्यावी, आणि नेव्हिगेशनचे दिवे घेताना चार पैसे जास्त मोजावेत. सगळी मिळून किंमत डिझेलच्या एका फेरीपेक्षा कमी. पण या उपायांत एक मोठा दोष आहे. ते लागू पडले तर चूक आपली होती हे सिद्ध होतं.

म्हणून प्रत्यक्षात उपचारांचा क्रम वेगळा असतो. आधी ॲन्टेना बदलतात. नवी वायर दोन मीटर जास्त निघते, ती कापायला जीव होत नाही, म्हणून गुंडाळी करून इन्व्हर्टरच्या पाठीमागे कोंबतात; खरखर वाढते. जोडात खारं पाणी शिरू नये म्हणून वर टेप, टेपवर एम-सील, एम-सीलवर रंग. आत आधीच शिरलेलं पाणी आता बाहेरही पडू शकत नाही. मग सेट बदलतात. नवा सेट जुन्यापेक्षा चांगला असल्यामुळे खरखर अधिक स्वच्छ ऐकू येते. मग बॅटरी. मग कुणीतरी "अर्थिंग" हा शब्द उच्चारतो आणि फायबरच्या बोटीवर चार ठिकाणी नव्या वायरी येऊन चार नवे गंजणारे जोड तयार होतात. शेवटी लिंबू-मिरची आणि नारळ. त्याच रात्री खाऱ्या हवेने एलईडीची पट्टी जळून जाते आणि वायरलेस काचेसारखा स्वच्छ होतो. श्रेय लिंबाला. आठवड्याने नवी पट्टी येते, या वेळी दुप्पट लांबीची, कारण आता तर काही त्रासच राहिलेला नाही. खरखर परत येते. "विमानं वाढली ना," नाखवा समजावून सांगतो. आकडेवारी त्याच्याच बाजूची असते. विमानं खरोखरच वाढलेली असतात.

ज्यांना ऐकायची खरी गरज असते ते काय करतात, हे पाहायला जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जावं. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या दूरच्या तारकापुंजांची कुजबुज ऐकतात, आणि त्या कुजबुजीत मिसळणारा जवळपासचा रेडिओ गोंगाट हुडकत राहणं हे तिथलं रोजचं काम आहे. त्या कानांना त्रास नको म्हणून पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा तिकडून जाणारा मार्गही रेल्वे मंत्रालयाला बाजूला ठेवावा लागला. ताऱ्यांसाठी आगगाडी वळते. बोटीवर बुडणाऱ्याची हाक ऐकू यावी म्हणून चार्जर निघत नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात; जाळी शिवून होतात, रंग लावून होतो. ६१ दिवस हातात असतात. चोर शोधायला पाच मिनिटं लागतात, आणि मोकळ्या पाण्यातली खात्री पहिल्या फेरीत करता येते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहण्याआधी एकदा देवाची माळ बंद करून वायरलेस ऐकून बघा, देव रागावणार नाही. आणि तेवढा चार्जर उपटून ठेवा. नुसता स्विच बंद करून चालणार नाही.